उजव्या पायाचा मोजा

"तुमचा काटा खोटा आहे."

आक्कांनी पहिलंच वाक्य सांगितलं आणि सूनबाईचं पेन कागदावर टेकलं ते तिथेच थांबलं.

"लिही ना," आक्का म्हणाल्या. "तुमचा काटा खोटा, तुमचं माप खोटं, आणि ज्या मुलीला तुम्ही माझ्या घरी पाठवलंत तिला काय मोजायचं हेच तुम्ही शिकवलेलं नाही. पूर्णविराम."

"आक्का, हा कचेरीला पाठवायचा अर्ज आहे. सुरुवातीला 'महोदय' घालायचं असतं."

"घाल की. महोदय, तुमचा काटा खोटा आहे."

खिडकीशी बसलेली धाकटी, म्हणजे आक्कांची लेक, फिस्सकन हसली. थोरला, म्हणजे आक्कांचा मुलगा आणि सूनबाईचा नवरा, हसला नाही. तो हाताची घडी घालून दाराशी उभा होता. गेले दोन आठवडे तो असाच उभा होता, असं म्हटलं तरी चालेल.

या घरात चोर म्हटलेलं एक वेळ चालतं, पण काटा खोटा म्हटलेलं चालत नाही. तीन पिढ्या यांनी दुसऱ्यांचे तराजू दुरुस्त करून पोट भरलं. आक्कांच्या सासऱ्यांना सख्ख्या भावाच्या दुकानातला काटा पाच ग्रॅमनं हलका सापडला, तेव्हा त्यांनी तो जागच्या जागी मोडून टाकला होता आणि पुढची अकरा वर्षं भाऊ समोर आला की दोघं रस्ता बदलत होते. स्वतः आक्का एकतीस वर्षं खालच्या दुकानात, डोळ्याला भिंग लावून, काट्यांच्या दांड्या ज्यांवर झुलतात त्या धारा घासत बसल्या. आता दुकान थोरला बघतो आणि लाल आकडे दाखवणारे विजेचे काटे विकतो. आक्का त्यांना काटे म्हणत नाहीत, "घड्याळं" म्हणतात.

तर एवढी मोठी शिवी आक्कांनी ज्या कचेरीला दिली, तिचं पत्र टेबलाच्या मधोमध, पितळेच्या दोन किलोच्या वजनाखाली ठेवलेलं होतं. पत्र तीन ओळींचं होतं. "तपासणीअंती आपण दैनंदिन व्यवहारांत पूर्णतः स्वतंत्र असल्याचे आढळून आले आहे. सबब घरपोच मदतनीस सेवा चालू महिनाअखेर बंद करण्यात येत आहे. हरकत असल्यास चौदा दिवसांत लेखी कळवावे."

स्वतंत्र! देशांना हा शब्द मिळवायला पिढ्या लागतात. आक्कांना तो कचेरीच्या तपासनीस मुलीच्या पस्तीस मिनिटांच्या भेटीत मिळाला.

दहा आठवड्यांपूर्वी आक्का दुकानातल्या शिडीच्या घोडीवरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, आत स्टीलचा गज बसला, एकोणीस दिवस इस्पितळात गेले. घरी सोडताना तिथल्या लोकांनी वृद्धसेवा कचेरीकडून एक मदतनीस लावून दिली. ती रोज सकाळी ठोक्याला सातला येते, म्हणून तिचं नाव या घरात "सातची बाई". ती आक्कांना आंघोळीला उभं राहायला हात देते, उजव्या पायात डॉक्टरांनी सांगितलेला घट्ट मोजा चढवते, चहा करून थर्मासमध्ये भरून आक्कांच्या खुर्चीजवळ ठेवते आणि आठला जाते. एक तास. एवढ्या एका तासावर आक्का दुकानावरच्या या दोन खोल्यांत उरलेले तेवीस तास स्वतःच्या मर्जीनं राहतात. तो तास आता कचेरीनं रद्दीत काढला होता.

आणि रद्द होतोय म्हणताच थोरल्यानं आपल्या घरातली मागची खोली रिकामी करून तिथे पलंगही आणून ठेवला होता.

"आई, अर्ज-बिर्ज कशाला?" तो दारातून म्हणाला. "माझ्याकडे काय कमी आहे?"

"कमी काहीच नाही रे. जास्तच आहे," आक्का म्हणाल्या. "मागच्या महिन्यात दोन दिवस राहिले तर 'आई जेवलीस का' हे तू दिवसातनं अकरा वेळा विचारलंस. मी मोजलं."

"काळजी केली तरी चूक!"

"चूक नाही, पण हाताला जड लागते."

सूनबाई खाली मान घालून "महोदय" या शब्दाभोवती उगाच रेघ ओढत होती. ती पोस्टात खिडकीवर काम करते. रोज शंभर माणसं तिच्यासमोर येतात आणि काय पाठवायचंय ते न बोलता पाकीट पुढे सरकवतात, तेव्हा न बोललेलं वाचायची तिला सवय होती. या खोलीतली न बोललेली गोष्ट तिला पाठ होती. आक्कांना तिच्या घरी यायचं नव्हतं आणि तिलाही आक्का घरी नको होत्या. या एका मुद्द्यावर सासू-सुनेचं एकवीस वर्षांत पहिल्यांदाच शंभर टक्के एकमत होतं, आणि नेमकं तेच दोघींना चारचौघांत बोलता येत नव्हतं. सासू बोलली तर सुनेचा अपमान. सून बोलली तर मग विचारायलाच नको.

म्हणून तर अर्ज लिहायला ती पहिली पुढे झाली होती. नवऱ्याला वाटलं, काय ही सेवाभावी! आक्कांना काय वाटलं ते कळायला मार्ग नव्हता, पण त्यांनी पेन स्वतःच्या हातानं तिच्यापुढे सरकवलं होतं.

"त्या मुलीनं फॉर्मात भरलंय तरी काय?" धाकटीनं विचारलं. ती मालवाहू गाड्यांच्या कंपनीत कोणता ट्रक कुठे पाठवायचा ते ठरवते. त्यामुळे तिला वाटतं की माणसंही फोनवरून ओरडून हलवता येतात. "नक्कल मागवली होती ना?"

नक्कल काकांकडे होती. काका म्हणजे आक्कांचे धाकटे दीर, वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले निरीक्षक. त्यांनी आयुष्यभर भावाच्या दुकानात येऊन भावाचेच काटे तपासले आणि चहासुद्धा स्वतःच्या घरून पिऊन आले. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून ते मघापासून मिशीत हसत होते. आता त्यांनी घडी घातलेले कागद खिशातून काढले.

"वाचू का, वहिनी?"

"वाचा की भावजी. माझी काय चोरी आहे?"

"प्रश्न पहिला. खुर्चीतून स्वतः उठू शकता का? उत्तर, होय. दुसरा. जिना चढू शकता का? होय. पुढे कंसात, 'प्रत्यक्ष चढून दाखवला'. तिसरा. स्वयंपाकघरात पेय तयार करू शकता का? होय. कंसात, 'तपासनिसाला चहा करून दिला, उत्तम होता'."

"आई!" धाकटी किंचाळली.

"मग? पाहुणी घरी आली तर चहा नको विचारायला?"

"चौथा. पायमोजे, पादत्राणे स्वतः घालू शकता का? होय. पाचवा..." काकांनी कागद खाली केला. "छत्तीस प्रश्न आहेत वहिनी. छत्तीसच्या छत्तीस होय. या हिशोबानं तुम्हाला सर्कशीत घ्यायला हवं."

मग धाकटीनं कपाळावर हात मारला. थोरल्याच्या तोंडावर मात्र सुटल्यासारखं हसू आलं. "म्हणजे कचेरीची काही चूकच नाही. आई स्वतःच सांगते मी ठणठणीत आहे."

"मी खोटं नाही बोलले," आक्का ताठ झाल्या. "जिना चढून दाखवला. चौदा पायऱ्या. विचार त्या मुलीला."

"आणि ती गेल्यावर?" सूनबाईनं हळूच विचारलं.

"ती गेल्यावर काय?"

"त्या दिवशी पोस्टातून येताना मी डोकावले होते. संध्याकाळचे साडेपाच झाले होते. तुम्ही पलंगावर आडव्या होता आणि जेवणाचं ताट तसंच झाकलेलं होतं. मी विचारलं तर म्हणालात, भूक नाही."

आक्कांनी तिच्याकडे अशी नजर टाकली की दुसरी एखादी सून पेन ठेवून निघून गेली असती.

"ते तिनं विचारलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "तिनं विचारलं, चढू शकता का. मी म्हटलं, चढू शकते. काट्यावर काय लिहितात? कमाल वजन किती ते लिहितात. पन्नास किलोचा काटा असेल तर पन्नासच लिहायचं, घाबरून चाळीस लिहिलं तर तोही खोटेपणाच."

आता हसण्याची पाळी काकांची होती, आणि ते असे हसले की चष्मा काढून पुसावा लागला. दुनियेतलं दुसरं कुठलंही घर असतं तर म्हातारीनं कण्हून दाखवलं असतं, चार खोकले जास्त काढले असते. या घरातली म्हातारी स्वतःला काटा समजली आणि तिनं कपाळावर कमाल वजन छापून घेतलं. तिची चूक झाली, पण छत्तीस प्रश्नांचा तो कागद ज्या शहाण्यानं बनवला त्यानं तरी काय विचारलं? "करू शकता का?" करू काय, माणूस काहीही करू शकतो. पाठीवर पोतं घेऊन एकदा डोंगर चढू शकतो. पण एकदा चढला म्हणून रोज सकाळी त्याच्या पाठीवर पोतं ठेवायचं का? हे त्या शहाण्याला सुचलं नाही, कारण त्याचा खुबा शाबूत होता.

"मी सांगते काय करायचं," धाकटी पुढे सरसावली. "हरकत घेतली की ते परत कुणाला तरी पाठवतील. तेव्हा आई पलंगावर पडून राहील. उठायचंच नाही. चहा-बिहा काही नाही. विचारलं की 'अगं आई गं' एवढंच म्हणायचं. म्हण बघू, अगं आई गं."

"अगं आई गं," काका खुर्चीतून म्हणाले. "मला जमतंय. मलाच झोपवा."

"म्हणजे मी काटा मारू?" आक्कांचा आवाज चढला. "एकतीस वर्षं दुकानदारांना सांगत आले, मापात पाप करू नका. आणि आता म्हातारपणी स्वतःच पारड्याखाली बोट लावू? मला नको तुमची बाई. मी मोज्याशिवाय राहीन."

"आणि पाय सुजेल!" धाकटी म्हणाली.

"सुजू दे. पाय माझा आहे."

"बघा," थोरला म्हणाला, "आई खोटं बोलणार नाही आणि खरं बोलली तर मदत मिळणार नाही. मग उरलं काय? पलंग तयार आहे. उद्या टेम्पो आणतो."

सूनबाईनं पेनाला टोपण लावलं. या माणसाचं प्रेम असंच. समोरच्याला विचारत नाही, टेम्पो घेऊन येतं. तिनं आक्कांकडे पाहिलं. आक्का पितळी वजनावरचा डाग अंगठ्यानं पुसत होत्या, आणि वजन तर लखलखीत होतं.

"काका," सूनबाई म्हणाली, "काटा तपासताना तुम्ही काय करायचात? एकदा वजन ठेवून शिक्का मारायचात?"

काकांनी चष्मा परत चढवला. त्यांची पाठ आपोआप सरळ झाली. "एकदा? एकदा तर मोडका काटासुद्धा बरोबर दाखवतो. तेच वजन पुन्हा पुन्हा ठेवायचं. दहा वेळा. दहाही वेळा तेच उत्तर आलं तर काटा खरा."

"आणि पन्नासच्या काट्यावर कुणी रोज पन्नासच किलो टाकलं तर?"

"ते मला कशाला विचारतेस?" काकांनी हनुवटीनं आक्कांकडे खूण केली. "दुकानात बसून गिऱ्हाइकांना कोण दम द्यायचं?"

आक्कांनी पितळी वजन जरा बाजूला सरकवलं. मग, दुसऱ्या कुणाचं तरी वाक्य असावं तसं, त्या म्हणाल्या, "स्प्रिंग बसते. कमाल म्हणजे रोजचं नव्हे."

"मग तुमचं रोजचं किती आहे, ते कुणी मोजलंय का?" सूनबाईनं विचारलं. "त्या मुलीनं नाही. आम्हीही नाही. तुम्ही तरी?"

"आईला काय यंत्र समजलात का?" थोरला भडकला.

"गप रे," आक्का म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी जागं झालं होतं. तपासणी म्हटलं की ही बाई तापातूनही उठून बसायची. "भावजी, तक्ता आखा. सूनबाई, मोजा आण. उजवा."

मोजा आला. गुडघ्यापर्यंतचा, कातडीच्या रंगाचा, आणि इतका घट्ट की रिकामा धरला तरी तो कुणाचा तरी पाय असल्यासारखा वाटायचा. डॉक्टरांचा हुकूम होता की दिवसभर घालायचा, नाहीतर सूज चढेल आणि रक्ताची गुठळी व्हायची भीती. काकांनी कागदावर उभ्या-आडव्या रेघा मारल्या, वर तारीख घातली, आणि हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. आक्का सरळ पाठीच्या खुर्चीत बसल्या. वाकण्यावरची बंदी उठली होती, पण खुबा अजून वाकत नव्हता. हात नडगीपर्यंत जायचा आणि तिथे थांबायचा. म्हणून त्यांनी दुकानातला लांब चिमटा मागवला.

"पहिली वेळ," काका म्हणाले.

चिमट्यात मोज्याची कड धरून आक्कांनी तो बोटांवर घातला. निसटला. पुन्हा घातला. टाचेशी अडकला. आक्का ओठ आवळून, जिभेचं टोक बाहेर काढून, बारीक काट्याची धार लावावी तसं काम करत होत्या. शेवटी मोजा वर चढला. धाकटीनं टाळ्या वाजवल्या.

"नऊ मिनिटं," काका म्हणाले. "होय."

"बघ!" आक्का थोरल्याकडे बघून म्हणाल्या. कपाळावर घाम होता.

"काढा. दुसरी वेळ."

दुसऱ्या वेळी सोळा मिनिटं लागली. मधे दोनदा चिमटा खाली पडला आणि दोन्ही वेळा काकांनी "बाहेरून मदत, एक" अशी नोंद करून तो उचलून दिला. धाकटी आता टाळ्या वाजवत नव्हती. खालून रस्त्यावरून कुणीतरी भंगार गोळा करत ओरडत गेलं, तेवढाच आवाज.

तिसऱ्या वेळी मोजा बोटांवर गेला आणि तिथेच लोंबत राहिला. आक्कांनी चिमटा पुढे केला तर कड निसटली. पुन्हा केला. मग हात मांडीवर ठेवून त्या नुसत्या बसल्या. सूनबाईनं तो पाय तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिला. एकवीस वर्षं याच पायांच्या आवाजावरून तिनं सासूचा राग ओळखला होता. पाऊल निळसर, घोट्याजवळ फुगलेलं आणि आश्चर्य वाटावं एवढं लहान होतं.

धाकटी उठली आणि खाली बसून मोज्याला हात लावणार, तेवढ्यात काका म्हणाले, "लांब. वजन ठेवल्यावर काट्याला हात लावायचा नसतो."

"पण काका..."

"त्यांना बोलू दे."

आक्का मोज्याकडे बघत होत्या. "लिहा भावजी," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या वेळी, नाही." आणि मग, कुणी काही म्हणायच्या आत, "आणि त्या चहाचंही लिहा. चहा मला करता येतो. पण चालताना दोन्ही हात वॉकरवर, मग कप कुठे धरू? दातात? त्या दिवशी कप त्या मुलीनंच उचलून आणला. तेवढं मात्र तिच्या लक्षात आलं नाही."

काकांनी लिहिलं. मग थोरला दारातून आत आला. दोन आठवड्यांत पहिल्यांदाच.

"झालं तर मग," तो म्हणाला. आवाज मऊ होता, आणि त्यामुळेच जास्त घाबरवणारा. "तुमच्याच तपासणीत ठरलं. आईला जमत नाही. आता वादच उरला नाही. आई आमच्याकडे येणार."

सूनबाईला कळलं की तपासणी तिनंच सुचवली आणि तिच्याच अंगावर उलटली. आक्का खरं बोलल्या, आणि बक्षीस काय, तर मागच्या खोलीतला पलंग. आक्कांनी मान वर केली नाही. ही बाई आता 'बरं' म्हणेल, असं सूनबाईला स्पष्ट दिसलं. दमलेलं माणूस कशालाही बरं म्हणतं.

"आक्का आपल्याकडे नकोत," सूनबाई म्हणाली.

धाकटीचं तोंड उघडंच राहिलं.

"काय म्हणालीस?" थोरल्यानं विचारलं.

"नकोत म्हणाले. मला नकोत. आणि काय हो, एका मोज्यासाठी अख्खी बाई उचलून न्यायची? त्यांना मोजा चढवायला माणूस हवंय. घर बदलून मोजा कसा चढेल? आपल्याकडे आल्यावर तो कोण चढवणार? मी साडेसातला पोस्टात निघते. तुम्ही आठला दुकानात, म्हणजे याच जिन्याखाली येता. आठ ते पाच त्या तिकडे एकट्या. इथे असल्या तर निदान खाली दुकान, तिथे तुम्ही. हाक मारली तर ऐकू येईल एवढ्या अंतरावर. तुम्ही यांना उचलून जिथे तुम्ही नसता तिथे ठेवणार, आणि याला काळजी म्हणणार?"

थोरला पुन्हा हाताची घडी घालू लागला.

"आणि मोज्याचं म्हणाल," ती आता थांबायला तयार नव्हती, "तर तुम्हाला तुमचेच दोन मोजे एका रंगाचे सापडत नाहीत. आत्ता बघा."

सगळ्यांनी खाली पाहिलं. थोरल्याचा एक मोजा काळा होता आणि दुसरा निळा.

"शाबास!" आक्का एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या की स्वतःच दचकल्या. मग सावरून, सासूला शोभेल अशा आवाजात, "म्हणजे, तोंड फारच चुरूचुरू चालतं हो हिचं. पण मुद्द्याचं बोलली."

"म्हणजे तुलाही यायचं नव्हतं?" थोरला आईकडे बघत राहिला. "आधी का नाही सांगितलंस?"

"सुनेला वाईट वाटेल म्हणून."

"आणि तू?" त्यानं बायकोला विचारलं.

"आक्कांना वाईट वाटेल म्हणून."

काका छताकडे बघत म्हणाले, "आणि या दोघींच्या चांगुलपणापायी टेम्पोवाला जगला असता."

थोरला टेबलाशी बसला. त्याचा चेहरा पडला होता, हे खरं. पण हा माणूस पडलेल्या चेहऱ्यानंही हात चालू ठेवणाऱ्यांतला. त्यानं तक्ता ओढून घेतला, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचला आणि सोळा मिनिटांच्या आकड्यावर बोट ठेवलं. "मला वाटायचं, तू आवरून बसलेली असतेस," तो म्हणाला. "मी वर येतो तेव्हा नेहमी आवरून बसलेली असतेस."

"तू नऊला येतोस. सातची बाई सातला येते."

"न्हाणीघरात धरायला दांडा लागेल," तो न्हाणीघराकडे बघत म्हणाला. "कचेरी देवो न देवो. भिंत पोकळ आहे, साधा स्क्रू धरणार नाही. मी आज बसवतो."

"बसव. पण माझ्या उंचीला बसव, तुझ्या नको."

"आणि विचारू का... अकराऐवजी दिवसातनं किती वेळा विचारलं तर चालेल?"

"दोनदा. कमाल," आक्का म्हणाल्या. "रोजचं, एकदा."

दांड्याचं माप घ्यायला थोरला आत गेला आणि धाकटी टेप धरायला त्याच्यामागे. थोड्याच वेळात तिथून "तिरका धरतोयस", "तू मोठी इंजिनियर" असं ऐकू यायला लागलं. सूनबाईनं नवा कागद घेतला. आक्कांचा पाय तिच्या समोरच होता, बोटांवर मोजा अजून लोंबत. तिनं पेन बाजूला ठेवलं, खाली बसली, मोजा टाचेवरून ओढून घेतला आणि गुडघ्यापर्यंत सरळ केला. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नाही.

"मी नको म्हणालीस ना तुला?" आक्का वरून म्हणाल्या.

"घरात नको म्हणाले."

"तेच. कुणी तरी बोलायला हवं होतं." आक्कांनी चिमटा टेबलावर ठेवला. "एकवीस वर्षं लावलीस."

"तुम्ही कधी विचारलंत?"

"बरं, लिही आता. आधी माझी चूक लिही."

"अर्जात स्वतःची चूक? आक्का, लोक असं लिहीत नाहीत."

"लिही, लिही," काका म्हणाले. "मी तीस वर्षं दुकानदारांची पत्रं वाचली. स्वतःची चूक आधी सांगणाऱ्याचं पुढचं पान मी नेहमी नीट वाचायचो. असे दोनच निघाले, पण वाचलं."

त्या दिवशी सूनबाई रजेवर होती, तरी अर्ज संध्याकाळी पाचच्या आत तिच्याच खिडकीतून, पोचपावतीसह, रवाना झाला. सोबत काकांचा तक्ता जोडला होता. "पूर्णविराम" म्हणत आक्कांनी सांगितला आणि सूनबाईनं एक शब्द न बदलता लिहिला, तो असा:

"महोदय, तुमच्या तपासनीस मुलीनं विचारलेल्या छत्तीस प्रश्नांना मी होय म्हणाले. ती माझी चूक. मला एकदा काय जमतं ते मी सांगितलं, रोज काय जमतं ते सांगितलं नाही. पण तुमचाही काटा खोटा आहे. तुम्ही विचारलंत, करू शकता का. किती वेळात, किती वेळा, आणि केल्यावर माणूस उरतं का, हे विचारलं नाहीत. एकदा मोजून शिक्का मारणाऱ्या दुकानदाराला आमच्याकडे दंड होतो. तुम्हाला कोण करणार? आमच्या घरी आम्ही मोजलं. मोजा पहिल्या वेळी नऊ मिनिटं, दुसऱ्या वेळी सोळा, तिसऱ्या वेळी नाही. तक्ता सोबत आहे. विश्वास नसेल तर या, तुमच्यासमोर पुन्हा करून दाखवते, पण तीन वेळा बसून बघावं लागेल. चहा मिळणार नाही, कारण तो तुमच्यापर्यंत मला आणता येत नाही. मला मुलाकडे जाऊन राहा असं कळवू नका. तो चांगला आहे, सून त्याहून चांगली आहे, आणि दोघं तशीच राहावीत अशी माझी इच्छा आहे. मला माझ्या घरात राहायचंय आणि त्यासाठी रोज सकाळी एक तास एक माणूस लागतं. मी तुमच्या छत्तीस प्रश्नांची उत्तरं दिली. माझा प्रश्न एकच आहे. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला, सकाळी सात वाजता, माझ्या दारात ती बाई उभी असणार आहे की नाही? कारणं नकोत. तुमच्याच फॉर्मासारखं उत्तर द्या. होय की नाही?"